गुलाबी मांसाची चाखणी

सकाळचे सात वाजले होते. पाणवठ्याच्या पूर्वेला एक सपाट काळा दगड आहे. त्या दगडावर राखणीचा कुत्रा पाणी प्यायला वाकला आणि तसाच कुशीवर पडला. त्या वेळी तिथे बावीस शेळ्या, एक कावळा आणि दोन भेकरे हजर होती. सगळ्यांनी पाहिले. तेव्हा ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असे त्यांच्यापैकी कोणालाही म्हणता येणार नाही.

मुलांनो, हा कुत्रा एका जंगलाच्या कडेला राहत असे. जंगल जिथे संपते आणि म्हाळसाबाई धनगरीण हिचे घर जिथे सुरू होते, तिथे एक दगडी बांध आहे. तो बांध हीच त्याची जागा. बिबट्या आला की तो शेळ्यांसाठी भुंकत असे आणि बंदूकवाला माणूस आला की भेकरांसाठी. दोन्हीकडच्यांना तो आपला वाटायचा. त्याने कधी कोणाची समजूत खोटी पाडली नाही. त्याच्या आवाजाच्या भरवशावर अर्धे जंगल डोळे मिटून रवंथ करीत असे. असा कुत्रा भर सकाळी पडला, आणि खरोखर कशाने पडला हे उच्चारायला कोणी तयार नव्हते.

कारण त्या जंगलात चाखणीचा नियम होता.

फार वर्षांपूर्वी ओढ्याकाठी कुठून तरी नवीन झुडपे उगवली होती. एका सांबराने ती खाल्ली आणि ते दगावले. दुसऱ्या दिवशी उंबराखाली सभा भरली आणि ठरले की जंगलात कुठलेही नवे खाणे आले, तर आधी कावळा चाखेल. चाखून तो उंबराच्या शेंड्यावर बसेल. उंबराची सावली ओढ्याला टेकेपर्यंत तो धडधाकट राहिला तर तीनदा ओरडेल, “चाखलं, चाललं!” मग खायला सगळे मोकळे.

नियम बरा होता. त्याने पुष्कळांचे जीव वाचवले, हे नाकारायचे कारण नाही. पण चांगला नियम जुना झाला की त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. कावळ्याची मान वर्षागणिक ताठ होत गेली. तो चाखताना डोळे मिटू लागला. शेंड्यावर बसल्यावर कोणी खाली बोलले की “शांतता!” म्हणू लागला. नियमात काय लिहायचे राहून गेले, याचा विचार त्याने केला नाही. इतरांनीही केला नाही.

अशातच टेकडीपलीकडे शहरातल्या लोकांसाठी एक रिसॉर्ट उघडले. त्याच्या मागे उष्ट्या अन्नाचा खड्डा होता. त्या खड्ड्याचा शोध सर्वांत आधी कोल्ह्याला लागला, हे वेगळे सांगायला नको.

कोल्ह्याचे आणि कुत्र्याचे एक जुने भांडण होते. म्हाळसाबाईच्या घरामागच्या ओहोळात उत्तम खेकडे आहेत. कोल्हा पहाटे तिकडे निघाला की कुत्रा भुंकायचा. कुत्रा भुंकला की खेकडे बिळात जायचे. कोल्ह्याने विनवण्या केल्या, शिव्या दिल्या, एकदा तर रडूनही दाखवले. कुत्रा बधला नाही. मग एका सकाळी कोल्हा तोंडात काहीतरी गुलाबी धरून बांधापाशी आला.

“राखणदार, जरा तोंड उघड.”

“कशाला? दात मोजायचेत?”

“दात तुझे तुझ्यापाशी राहू देत. हे बघ.”

त्याने ते खाली ठेवले. बोटभर लांबीचे, गोल, गुळगुळीत, नुकत्या जन्मलेल्या उंदराच्या पिलासारखे गुलाबी. वास असा की पन्नास पावलांवरच्या शेळ्यांनीही नाक वर केले. मुलांनो, तुम्ही त्याला सॉसेज म्हणता. जंगलात त्याला नाव नव्हते.

कुत्र्याने दुरूनच हुंगले. “याचं हाड कुठंय?”

“काढलंय.”

“कातडी?”

“तीही काढलीय.”

“केस? नस? कशाचं काहीच नाही?”

“अरे, तू खाणार आहेस की पंचनामा करणार आहेस?”

कळपातली सर्वांत म्हातारी शेळी चरत चरत जवळ आली. तिचे एक शिंग मोडलेले होते आणि तिला सगळे आजी म्हणत. तिने त्या वस्तूकडे बराच वेळ पाहिले.

“हाड नाही, कातडी नाही, वर गोल,” ती म्हणाली. “मग हे जनावर चालत होतं की घरंगळत होतं?”

भेकरे खिदळली. कोल्हा चिडला. “आजी, तू पाला खा. मांसातलं तुला काय कळतं?”

“मांसातलं नाही कळत. पण धुराचा वास येतोय आणि आग कुठंच दिसत नाही. हे कशाचं मांस आहे, एवढं तरी सांग.”

“मांसाचं मांस आहे! माणसं खातात हे. सुट्टीच्या दिवशी, चांगले कपडे घालून, मांडीवर रुमाल पसरून खातात. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. माणसापेक्षा शहाणं कोणी आहे का इथं?”

यावर उत्तर देण्यासारखे पुष्कळ होते, पण कोणी दिले नाही. मग कोल्हा कुत्र्याच्या कानाशी लागला. रोज सकाळी असे चार-पाच तुकडे आणून देईन, तू फक्त पहाटे अर्धा तास गप्प राहायचे, बाकी काही मागणे नाही. कोल्ह्याचा हेतू स्वच्छ नव्हता, याची नोंद इथे करून ठेवली पाहिजे. पण कुत्र्याचे वाईट व्हावे असाही त्याचा हेतू नव्हता. तो स्वतः आठवडाभर तेच खात होता आणि खूश होता.

कुत्रा कायद्याने चालणारा. तो म्हणाला, “चाखणी होऊ दे.”

कावळ्याला बोलावले. तो आला, डोळे मिटले, तुरीच्या डाळीएवढा एक कण चोचीने तोडला आणि गिळला. मग शेंड्यावर जाऊन बसला. सावली ओढ्याला टेकली. कावळ्याने एकदा पंख झाडले, शेपटी नीट केली आणि साऱ्या जंगलाला ऐकू जाईल असा ओरडला :

“चाखलं, चाललं! चाखलं, चाललं! चाखलं, चाललं!”

कुत्र्याने एका घासात तुकडा संपवला. “अरे वा,” तो म्हणाला, आणि जमिनीवरचा तुपकट डागही चाटला.

हे सहा दिवस चालले. दुसऱ्या दिवशी चार तुकडे, तिसऱ्या दिवशी आठ. कोल्हा दिलदार झाला होता. पहाटेचे खेकडे त्याला मिळत होते आणि देण्यासाठी लागणारे सगळे फुकट होते. दुसऱ्या दिवसापासून तो गोल काप आणू लागला, पातळ, पांढऱ्या चरबीचे ठिपके असलेले. त्यांची पुन्हा चाखणी करायची का, असे एका भेकराने विचारले. कावळा वरूनच म्हणाला, “रंग तोच आहे ना? मग पुन्हा कशाला?”

बदल पहिल्यांदा शेळीआजीला दिसला. म्हाळसाबाई दर अमावस्येला शेळ्यांना खडेमीठ चाटायला देते. एका वर्षी एक अधाशी शेळी मिठाच्या पोत्यात तोंड घालून बसली होती. नंतर ती दिवसभर पाण्याच्या कुंडापासून हलली नव्हती. आजीला ती आठवली, कारण कुत्रा तसाच वागत होता. दिवसातून दोनदा पाणी पिणारा कुत्रा आता शेळ्या चरेपर्यंत पाच-पाच वेळा पाणवठ्यावर धावत होता.

“तुझं पाणी वाढलंय, लेका,” आजी म्हणाली.

“ऊन वाढलंय, आजी.”

“ऊन मलाही तेवढंच लागतंय.”

“तुला लोकर आहे.”

“लोकर मेंढीला असते. घरातलं माणूस ओळखत नाहीस आणि राखण करतोस?” आजी हसली, पण लगेच गंभीर झाली. “मला ते गुलाबी खाणं बरं दिसत नाही.”

“चाखणी झालीय ना?”

“झालीय.”

“मग?”

ती गप्प बसली. तिथे तिने गप्प बसायला नको होते, आणि हे दुसऱ्या कोणाला तिला सांगावे लागत नाही. ती स्वतःच सांगते.

चौथ्या दिवशी कुत्र्याने ताकातली भाकरी तशीच ठेवली. पाचव्या दिवशी तो दोनदा ओकला आणि पोट जमिनीला दाबून पडून राहिला. त्याचे भुंकणे आखूड झाले. पूर्वी टेकडीवर आदळून परत येणारा आवाज आता बांधाच्या अलीकडेच संपायचा. सहाव्या दिवशी बांधाच्या दगडावर त्याने लघवी केली, ती काळ्या चहाच्या रंगाची होती. त्याने शरमेने त्यावर माती लोटली आणि कोणाला सांगितले नाही. सातव्या सकाळी तो पाणवठ्यावर पडला.

आता त्या काळ्या दगडापाशी परत येऊ.

कुत्र्याचे पोट भराभर वरखाली होत होते. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. शेळ्या भोवती गोळा झाल्या आणि एकदम सगळ्या बोलू लागल्या. कावळा फांदीवरून खाली उतरला, कुत्र्याभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला :

“उन्हाने झालं आहे.”

“सकाळचे सात वाजलेत,” आजी म्हणाली.

“मग कालच्या उन्हाने. मांसाचा संबंध नाही. मांस मी चाखलं होतं.”

“तुझं चाखणं राहू दे बाजूला. उड आणि म्हाळसाबाईला बोलावून आण.”

कावळा घुटमळला. “मी तिच्या दारात ओरडलो तर तिला वाटेल पाहुणे येणार. ती चहाचं आधण ठेवेल. इकडे येणार नाही.”

हे मात्र खरे होते. एरवी काही झाले तर म्हाळसाबाईला हाक मारायचे काम कुत्र्याचेच. तोच पडला तर हाक कोणी मारायची, हे कधी ठरलेलेच नव्हते. आजीने क्षणभर विचार केला आणि तोंड घराकडे वळवले.

“चला ग. घरी.”

“घरी?” शेळ्या ओरडल्या. “आत्ता तर आलो! पोटात काडी नाही!”

“आज काडी नाही. चला.”

“आजी, तुला भ्रम झालाय.”

“झालाय तर झालाय. भरल्या पोटी शेळी परत आली तर बाई बघतसुद्धा नाही. रिकाम्या पोटी आली तर काठी घेऊन धावत येईल. मला ती धावत यायला हवीय.”

आणि ती निघाली. शेळ्यांचे कसे असते, तुम्हाला माहीत आहे. कुरकुर सगळ्या करतात, पण एक निघाली की बाकीच्या मागे असतात. बावीस शेळ्या, रिकामी पोटे, दारात दहा मिनिटांत.

म्हाळसाबाई भाकरी थापत होती. “अगं बायांनो, आत्ता तर गेलात! रानाला आग लागली का?” ती पिठाच्या हाताने बाहेर आली. तिने कळपावर नजर फिरवली. शेळ्या सगळ्या होत्या. कळपामागे जो असायचा तो नव्हता. तिने तवा उतरवला नाही, दार ओढले नाही. ती धावत सुटली.

कुत्र्याला घोंगडीत गुंडाळून तिने उचलून आणले. शेजारच्या वस्तीवरून फोन गेला आणि तासाभराने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टर गावीतबाई स्कूटरवरून आल्या. पुढे त्या अंगणात काय बोलणे झाले ते शेळीआजीने खुंट्याला बांधलेल्या जागेवरून ऐकले आणि नंतर जंगलात शब्दशः सांगितले.

“काय खायला घातलंत याला?” डॉक्टर कुत्र्याचा ओठ उचलून हिरडी पाहत होत्या.

“ताक-भाकरी, बाई. बाजाराच्या दिवशी कोंबडीचे उकडलेले पाय. दुसरं काय घालणार?”

“उकडून, बिनमिठाचे?”

“व्हय, त्याच्यासाठी वेगळे काढते.”

“ते चांगलं आहे. मग हे काय?” घोंगडीवर कुत्र्याने ओकलेला एक तुकडा पडला होता. अजून गुलाबी. डॉक्टरांनी काडीने तो उलटा केला. “हे तुमच्या घरातलं नाही. हे डब्यातलं, पाकिटातलं मांस आहे. सॉसेज, सलामी असलं काही. कुठून मिळालं याला?”

“मला काय ठाऊक! पण बाई, माणसं खातात की ते.”

“म्हाळसाबाई, तुम्ही जेवताना मिरचीचा ठेचा खाता. याला वाटीभर ठेचा घालाल का?”

“अगं बाई! मरंल ते.”

“तसंच आहे हे. यात मीठ एवढं असतं की ह्याच्या एवढ्याशा अंगाला ते झेपत नाही. चरबी एवढी की आतडी आणि स्वादुपिंड सुजतं. आणि चवीला कांदा-लसणाची पूड असते. कुत्र्याच्या रक्ताला कांदा-लसूण चालत नाही. रक्तातल्या पेशी फुटतात. म्हणून हिरड्या अशा पांढऱ्या झाल्यात.” त्यांनी सलाइनची बाटली गोठ्याच्या मेढीला टांगली. “एखादा तुकडा चुकून पोटात गेला म्हणून धडधाकट कुत्रा मरत नाही. याने आठवडाभर रोज खाल्लंय असं दिसतं.”

“वाचंल का?”

डॉक्टरांनी सुई लावली, पट्टी चिकटवली आणि मगच बोलल्या. “आत्ता सांगत नाही. तीन दिवस काढू दे. मी रोज येईन.”

म्हाळसाबाई कुत्र्याच्या डोक्यापाशी बसली ती उठलीच नाही. तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला.

दुसऱ्या दिवशी उंबराखाली सभा भरली. आजीने ऐकलेले सगळे सांगितले. जंगल चिडले होते, आणि चिडलेल्यांना एक मान पकडायला हवी असते. सगळे म्हणाले, कोल्ह्याला आणा.

कोल्हा करवंदीच्या जाळीत सापडला. त्याला आणावे लागले नाही, ओढावे लागले. त्याचे डोळे आत गेले होते आणि शेपटी मातीत भरली होती. गेले दोन दिवस तोही ओकत होता.

“मी विष घातलं नाही,” तो म्हणाला. “मी तेच खात होतो. मला खेकडे हवे होते, हे खरं आहे. त्याला गप्प बसवायचं होतं, हेही खरं. पण कायमचं नाही.”

एक भेकर पुढे झाले. “मग दोष कोणाचा?”

“माझा नाही,” कावळा शेंड्यावरून म्हणाला. “मी नियमाप्रमाणे चाखलं. नियमाप्रमाणे बसलो. नियमाप्रमाणे सावली टेकली. मला काय झालं? काही नाही. आजही काही नाही. बघा!” आणि त्याने पंख पसरून दाखवले.

शेळीआजी उंबराच्या बुंध्यापाशी गेली आणि वर पाहून बोलली. तिचा आवाज चढलेला नव्हता. सहा दिवस गप्प बसलेल्याला आवाज चढवायचा हक्क नसतो, हे तिला ठाऊक होते.

“कावळोबा, तू किती खाल्लंस?”

“एक कण.”

“केवढा?”

“तुरीच्या डाळीएवढा. नियमात किती खायचं ते लिहिलेलं नाही.”

“कुत्र्याने किती खाल्लं?”

कावळ्याने शेपटी नीट केली.

“तू एक दिवस खाल्लंस. त्याने किती दिवस?”

“ते मला कसं माहीत असणार?”

“उंबराच्या शेंड्यावरून तुला बिबट्याची मिशी दिसते. बांधावरचा कुत्रा ओकताना दिसला नाही?” खाली कोणीतरी हसले. आजीने तिकडे पाहिले आणि हसणे थांबले. “बरं, शेवटचं विचारते. तुझं पोट कुत्र्याचं आहे का?”

“कावळ्याचं आहे,” कावळा म्हणाला.

“मग तू कोणासाठी चाखलंस?”

मुलांनो, इथे कावळ्याला पुष्कळ काही करता आले असते. तो उडून जाऊ शकला असता. नियम त्याच्या बाजूने होता, कारण नियमात खरोखरच काही लिहिलेले नव्हते. मोठमोठे असेच सुटतात, आणि ते सुटले की सभा घरी जाते. सारे जंगल वर पाहत होते. कावळ्याने पंखात चोच खुपसली. मग तो फांदी फांदी खाली उतरला. सर्वांत खालच्या फांदीवरही थांबला नाही. जमिनीवर आला. त्याला जमिनीवर चालताना त्या जंगलाने पहिल्यांदा पाहिले. तो चालताना जरा विचित्रच दिसतो.

“मी कावळ्यापुरतं चाखलं,” तो म्हणाला. “आणि सगळ्यांपुरतं ओरडलो.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण कोणी त्याला टोचलेही नाही. कोल्हा हळू आवाजात म्हणाला, “आणि मी माणसापुरतं बघितलं.”

त्या सभेत नियम बदलला. मोडला नाही, बदलला. चाखणी राहील. पण कावळ्याने ओरडायचे ते एवढेच : “कावळ्याला चाललं!” बाकीच्यांनी आपापल्या जातीच्या पोटाला विचारायचे, थोडे खाऊन तीन दिवस थांबायचे. आणलेले खाणे कशाचे आहे हे आणणाऱ्याने सांगायचे. त्याला सांगता आले नाही, तर त्याने ते जिथून आणले तिथे परत नेऊन टाकायचे. आणि खाणाऱ्यात काही बदल दिसला, तर पाहणाऱ्याने गप्प बसायचे नाही. हे शेवटचे कलम शेळीआजीने स्वतः घालायला लावले.

पण नियम बदलून रक्त परत येत नसते. अंगणात कुत्रा तसाच पडून होता.

दुसऱ्या सलाइनच्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि मिटले. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर गावीतबाईंनी त्याचा ओठ उचलला, बराच वेळ पाहिला आणि म्हाळसाबाईला हाक मारली. “या, बघा. काल कागदासारखी होती. आज जरा रंग आहे ना?”

म्हाळसाबाईने वाकून पाहिले. “फिक्का गुलाबी हाय.”

“हा गुलाबी चांगला.”

त्या दुपारी कुत्र्याने बिनमिठाची भाताची पेज चार वेळा जिभेने चाटली. संध्याकाळी आणखी थोडी. पाचव्या दिवशी तो उभा राहिला, त्याचे पाय थरथरले, तो बसला आणि पुन्हा उभा राहिला. शेळ्या खुंट्यांवरून माना ताणून पाहत होत्या.

“मेंढ्यांनो, काय बघता?” तो म्हणाला.

“आला शुद्धीवर!” आजी म्हणाली, आणि उगाच भिंत चाटू लागली.

दहाव्या दिवशी पहाटे बांधावरून भुंकण्याचा आवाज आला. आवाज बारीक होता. पण तो टेकडीपर्यंत गेला आणि परत आला. पाणवठ्यावर उभी असलेली दोन भेकरे एकमेकांकडे पाहून खाली बसली आणि रवंथ करू लागली. ओहोळातले खेकडे बिळात गेले. ओहोळाच्या काठावर कोल्हा उभा होता. तो रोडावला होता, पण चालता-फिरता होता. त्याने एक मोठा सुस्कारा सोडला. तो रागाचा होता की सुटकेचा, हे त्यालाच माहीत.

“राखणदार,” त्याने दुरून हाक मारली, “आज काही आणलं नाही.”

“ठाऊक आहे. वास आला असता,” कुत्रा म्हणाला. “ये. पण भुंकणार मी. खेकडे हवे असतील तर माझ्याआधी उठ.”

“तू झोपतोस कधी?”

“ते तू शोध.”

आणि खरे सांगायचे तर कोल्ह्याला त्या दिवशी पुष्कळ दिवसांनी बरे वाटले.

आता रिसॉर्टचे. डॉक्टर गावीतबाई स्वतः तिकडे गेल्या. मालक सज्जनपणे बोलला. त्याने दोन माणसे लावून तो खड्डा त्याच दिवशी मातीने बुजवला. हे त्याने केले, तेव्हा ते लिहायलाच हवे. पण त्यानंतर आठ दिवसांनी जेवणाच्या ओसरीच्या कोपऱ्यात एक निळी बादली आली. बादलीवर सुबक अक्षरात रंगवलेली पाटी आहे : ‘उरलेले मांस मुक्या प्राण्यांना प्रेमाने द्या.’ पाहुणे जेवून उठतात, ताटातले गुलाबी काप तिच्यात टाकतात आणि हात धुतात. कोणाचाच हेतू वाईट नाही. मालक म्हणतो, पाटी पाहुण्यांनी लावली. पाहुणे म्हणतात, आम्ही आलो तेव्हा ती होतीच. आचारी म्हणतो, मला वाटले डॉक्टरांनी लावली. कोणत्या प्राण्याचे पोट पाहून ती रंगवली, हे डॉक्टरांनी लेखी विचारले आहे.

तात्पर्य : जे आपल्या ताटात शोभते, ते दुसऱ्याच्या पोटात सोसेलच असे नाही, म्हणून प्रेमाने देण्याआधी, ज्याला देतो त्याच्या पोटाला विचारावे. डॉक्टरांच्या पत्राला अजून उत्तर आलेले नाही, आणि बादली रोज भरते.